पद्माताईंनी न लिहिलेलं वाक्य

केयूर छपाईचं प्रूफ घेऊन आला तेव्हा सदाशिवराव गॅलरीत कपडे वाळत घालत होते. चऱ्होलीच्या त्या नव्या सोसायटीत ते आणि त्यांची मुलगी सुखदा असे दोघंच राहत होते. त्यांच्या पत्नी पद्माताई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या आणि केयूर त्यांचा शेवटचा पीएच.डी.चा विद्यार्थी. आता तो त्याच कॉलेजात शिकवत होता.

"काका, मॅडमचा लेख येतोय," केयूर चपला काढता काढता म्हणाला. "जर्नलनं स्वीकारला. घरच्यांची संमती हवीय, म्हणून आलो."

सदाशिवरावांनी हातातला ओला शर्ट तसाच बादलीत टाकला.

तो लेख घरात सगळ्यांना माहीत होता. बाहेरगावाहून पिंपरी-चिंचवडला आलेल्या कामगारांच्या बायका नवऱ्याच्या शिफ्टप्रमाणे आपला दिवस कसा लावतात, यावर पद्माताई कितीतरी दिवस काम करत होत्या. काळेवाडी, चिखली, भोसरी इथल्या घरांत बसून त्यांनी बायकांशी गप्पा मारल्या होत्या. लेख निम्मा लिहून झाला आणि दुखणं निघालं. 'रात्रपाळी' हा भाग सुरू करून त्या थांबल्या, त्या थांबल्याच.

"पुढचं तू लिहिलंस?" सुखदानं विचारलं.

"मॅडमच्या टिपणांवरून पूर्ण केलं," केयूर म्हणाला. "नाव त्यांचंच पहिलं आहे."

सदाशिवराव वाचायला बसले. त्यांना मनात वाचायची सवय नव्हती, ते पुटपुटत वाचत. शेवटच्या पानांवर आल्यावर त्यांचा आवाज हळू झाला. काळेवाडीच्या एका बाईंचं बोलणं तिथं दिलं होतं. नाव नव्हतं, नुसतं 'क.' असं अक्षर होतं. "तो नाईटला असला की मी दोन ताटं वाढते. एक झाकून ठेवते. झाकलेलं ताट असलं की घरात माणूस असल्यासारखं वाटतं."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि चष्मा काढला.

"ही पद्माच," ते म्हणाले. "असं वाक्य दुसरं कुणी शोधून काढलं नसतं."

सदाशिवरावांचा सगळा जन्म पिंपरीच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये गेला होता. त्या दिवशी ते जेवताना बोलले, चहा पिताना बोलले, शेजारच्या बबनरावांना जिन्यात गाठून बोलले. पद्माचा लेख येतोय. त्यात झाकलेल्या ताटाचं काय लिहिलंय ते ऐकाच.

सुखदालाही ते वाक्य सोडेना. तिला वाटत होतं, त्या बाई हे बोलल्या तेव्हा आई काय म्हणाली असेल? गप्प बसली असेल की पटकन पुढचा प्रश्न विचारला असेल? आईचा आवाज तिनं दोन वर्षांत ऐकला नव्हता. फोनमधले जुने व्हिडिओ होते, पण ते लग्नाकार्यातले, गोंगाटाचे. आईचं रोजचं बोलणं कुठंच नव्हतं.

आणि मग तिला आठवलं, की आईच्या जुन्या मोबाइलमध्ये ती सगळी रेकॉर्डिंग्ज असणार.

मोबाइल कपाटात होता. चार्जिंगला लावल्यावर बऱ्याच वेळानं सुरू झाला. फाइलींना आईनं गावाचं नाव आणि बाईंच्या नावाचं पहिलं अक्षर दिलं होतं. 'काळेवाडी, कौ.' ही फाइल तिनं दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये लावली. ती चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात कामाला होती. बस मोशीच्या सिग्नलला थांबलेली. कानात आधी भांड्यांचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, आणि मग आई.

"कौशल्याबाई, आधी सांगते हं. हे बोलणं मी आणि माझा एक विद्यार्थी, एवढ्या दोघांतच राहील. दुसरं कुणी ऐकणार नाही. चालेल ना?"

सुखदानं रेकॉर्डिंग थांबवलं.

अंगठा पडद्यावर होता. पुन्हा दाबलं की आई बोलणार होती. बाजूच्या सीटवरची मुलगी झोपली होती, कुणाला कळणारही नव्हतं. पण आईनं जे कबूल केलं होतं ते तिच्याच तोंडून ऐकल्यावर पुढं ऐकायचं कसं? चाकणला उतरेपर्यंत सुखदा मोबाइल दोन्ही हातांत धरून बसली होती.

रविवारी ती काळेवाडीला गेली. लेखात दिलेल्या खुणांवरून आणि दोन दुकानांत विचारून घर सापडलं. खाली शिलाईचं दुकान, वर पत्र्याच्या जिन्यानं जायची दोन खोल्यांची जागा. कौशल्याबाई लातूरकडच्या. नवरा फोर्जिंगच्या कारखान्यात, अजूनही शिफ्टमध्ये.

"पद्माताईची पोरगी व्हय तू?" त्यांनी सुखदाचा चेहरा नीट पाहिला. "नाक त्यांचंच हाय. ये, बस. ताई गेल्याचं मला लई उशिरा कळलं."

सुखदानं कशासाठी आले ते सांगितलं. "मावशी, आईनं तुम्हाला शब्द दिला होता. म्हणून विचारायला आले. तुम्ही हो म्हणालात तरच ऐकेन."

"अगं, माझ्यासमोरच लाव की. मला बी ऐकू दे काय बडबडले ते."

दोघी स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या. मोबाइल मधे ठेवला. आई गावाबद्दल विचारत होती, पाण्याबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल. मधेच म्हणाली, "थांबा, चहा उतू चाललाय." सुखदाला हसू आलं. मग रात्रपाळीचा विषय निघाला.

"मिस्टर नाईटला असले की कसं वाटतं?" आईनं विचारलं होतं.

"खरं सांगू का ताई? मला लई गाढ झोप लागती. घोरणं न्हाई, पंखा हळू कर न्हाई, काई न्हाई."

यावर आई हसली होती. खूप वेळ, श्वास लागेपर्यंत. आई असं हसायची हे सुखदा विसरूनच गेली होती. आजारपणाच्या महिन्यांनी ते हसणं पुसून टाकलं होतं.

"अहो, आणि मी समजत होते तुम्ही वाट बघत असाल!"

"बगते की वाट. झोपून बगते."

पुन्हा हसणं. मग आईचा आवाज जरा खाली आला. "माझे मिस्टरही नाईटला असायचे. मी रात्रभर अभ्यास करायचे. एम.ए. तसंच झालं माझं. सकाळी कुलपाचा आवाज आला की वाटायचं, अजून तासभर उशीर झाला असता तर धडा संपला असता."

"मग?"

"मग काय? ते दारात उभे दिसले की बरं वाटायचं, ते आहेच. पण ती रात्र माझी होती हो. ती कुणाला सांगितली नाही कधी."

रेकॉर्डिंग आणखी थोडं चाललं आणि संपलं. झाकलेलं ताट त्यात कुठंच नव्हतं. सुखदाला वाटलं आपण चुकून दुसरीच फाइल लावली. तिनं पिशवीतून प्रूफ काढलं आणि ते वाक्य, त्याखालची बाईंची माहिती वाचून दाखवली.

कौशल्याबाईंनी ऐकून घेतलं. "वाक्य चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पर माझं न्हाई. ताट कशाला झाकू? त्याला कंपनीच्या कॅन्टीनला जेवण असतं."

"दुसऱ्या कुणा बाईंचं असेल का?"

"आता ते मला काय ठाव? पर खाली खुणा तर माझ्या दिसत्यात. लातूर काय, फोर्जिंग काय." मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "हे छापणार का माझ्या नावानं?"

"नाव नाही घातलेलं."

"नसंना. मी म्हनले न्हाई ते म्हनले म्हणून कशाला लिवायचं?"

सुखदा घरी न जाता थेट केयूरला भेटली. चिंचवड स्टेशनजवळच्या एका हॉटेलात तो आला. तिनं सरळ विचारलं, "ताटाचं वाक्य कुठून आणलंस?"

"मुलाखतींतून. असणारच कुठल्या तरी."

"नाहीये. मी आज कौशल्याबाईंकडे बसून ऐकलं."

केयूरनं पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. मग हळूहळू सगळं सांगितलं. पद्माताईंचे जुने लेख, टिपणं आणि त्यानं टाइप केलेल्या सगळ्या मुलाखती त्यानं एआयला दिल्या होत्या. मॅडमच्या शैलीत उरलेला भाग लिहून दे, असं सांगितलं होतं. आलेला मजकूर वाचून तो थक्क झाला. संदर्भ त्यानं एकेक तपासले. बायकांची वाक्यं मात्र मुलाखतींतलीच असणार असं धरून चालला, कारण ती तशीच वाटत होती.

"आणि जर्नलच्या फॉर्मवर? एआय वापरलं का असं विचारतात ना ते?"

"भाषा तपासण्यापुरतं, असं लिहिलं."

"केयूर!"

"माझं प्रमोशन अडलंय, हे खरं आहे," तो म्हणाला. "पण तेवढंच नाही गं. तो मजकूर आला ना, तेव्हा मॅडम पुन्हा माझ्याशी बोलतायत असं वाटलं. मग मी माझे स्वतःचे कच्चे लेखसुद्धा त्याला दाखवायला लागलो. मॅडम म्हणून उत्तर दे, असं सांगून. एकदा त्यानं लिहिलं, 'केयूर, इथं घाई झालीय.' मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. मॅडम अगदी असंच म्हणायच्या."

सुखदाचा राग तिथंच अर्धा झाला. पण अर्धा उरला. "आईनं त्या बायकांना सांगितलं होतं, दोघांतच राहील म्हणून. तुलाच धरून दोघं. तू तिसऱ्याला दिलंस."

केयूर ग्लासाखालचं पाणी बोटानं पुसत राहिला.

"आणि लेख उलटा झालाय," ती म्हणाली. "तुझ्या शेवटात सगळ्या बायका वाट बघत बसल्यात. आईला नेमकं दुसरंच सापडलं होतं. नवरा कामावर गेला की ती रात्र बायकांची स्वतःची होते, हे. तुझ्या टायपिंगमध्ये झोपेचं होतं की नाही?"

"होतं," केयूर म्हणाला. "मला वाटलं, गमतीत बोलल्यात. आणि मॅडम म्हणाल्या होत्या, माझं बोलणं उतरवू नकोस, फक्त त्यांचं उतरव. त्यामुळे त्या काय म्हणाल्या ते माझ्या कागदावर आलंच नाही."

आता घरी सांगायचं होतं. संध्याकाळी सदाशिवराव गॅलरीत बसले होते. समोरच्या प्लॉटवर नवीन इमारतीचा स्लॅब टाकत होते आणि मिक्सरचा आवाज येत होता. सुखदानं खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"लेख परत घ्यायला हवा, बाबा. निदान तो शेवट तरी."

"काढू नकोस ते," सदाशिवराव म्हणाले.

"आई तसं म्हणाली नाही. त्या बाईही म्हणाल्या नाहीत."

"कुणाचं काय बिघडतंय त्यानं? कोण वाचतं ती जर्नलं? मी वाचणार, तू वाचणार."

"कौशल्याबाईंचं बिघडतं. त्यांनी मला तसं तोंडावर सांगितलं."

सदाशिवरावांनी त्या स्लॅबकडे तोंड वळवलं. "मला काय कळत नाही होय?" ते म्हणाले. "कॅन्टीनला जेवण असतं हे मला माहीत नाही? मी तिथंच जेवत आलो. सकाळी घरी आलो की ओटा स्वच्छ असायचा. ताटबीट काही नसायचं. तरी वाचलं आणि वाटलं, झाकून ठेवत असेल. मी यायच्या आत काढून टाकत असेल."

कौशल्याबाईंना तिनं निघताना विचारलं होतं, बाबांना ऐकवू का. 'ऐकव. पर त्यांनाच,' असं त्या म्हणाल्या होत्या. तिनं मोबाइल आणला.

"हे ऐकायचं का ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "यात आई तुमच्याबद्दल बोललीय. पण तुम्हाला हवं तसं नाही बोललेली."

"लाव."

हसण्याचा आवाज आला तेव्हा सदाशिवराव खुर्चीत पुढं झुकले. रेकॉर्डिंग संपलं तरी त्यांची मान खाली होती.

"मी कुलूप हळूच उघडायचो," ते शेवटी म्हणाले. "तिची झोपमोड नको म्हणून. आणि ती जागीच असायची. मला वाटायचं, माझ्यासाठी जागी राहते." ते थांबले. "आणि ही बया पुस्तक मिटत असायची!"

ते हसायला लागले आणि हसता हसता रडले. सुखदानं त्यांचा हात धरला.

"एकदा सांगायचं तरी मला," ते म्हणाले. "मी आणखी हळू उघडलं असतं. दाराबाहेर बसलो असतो तासभर."

"परत लावू?"

"शेवटचं लाव. बरं वाटायचं म्हणते ते."

जर्नलच्या संपादक सुमनताई म्हणून निवृत्त प्राध्यापिका होत्या. केयूर आणि सुखदा दोघं त्यांच्याकडे गेले. केयूरनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की फॉर्मवर खोटं लिहिलं होतं. सुमनताईंनी आवाज चढवला नाही. स्वीकारलेला लेख रद्द केला आणि केयूरच्या कॉलेजला तसं कळवलं. त्याचं प्रमोशन त्या वर्षी गेलं. मुलाखती त्यानं एआयच्या खात्यातून काढून टाकल्या, पण त्या तिथून पुरत्या गेल्या का, हे त्यालाही छातीठोक सांगता येईना.

"एआयचा मला राग नाही," सुमनताई म्हणाल्या. "व्याकरण बघून घ्या, संदर्भांची मांडणी करून घ्या, आणि घेतलं ते स्पष्ट लिहा. पण माणूस बोललं नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नाही. आणि गेलेल्या माणसाच्या तर मुळीच नाही, त्याला नाही म्हणता येत नाही." मग त्या सुखदाकडे वळल्या. "पद्मानं जेवढं लिहिलं तेवढं मी छापेन. अपुरं म्हणूनच छापेन. पुढं केयूरनं आपल्या नावानं टिपण जोडावं. पण आधी त्या सगळ्या बायकांकडे जा. त्यांचं बोलणं बाहेर गेलं होतं हे सांगा आणि पुन्हा विचारा."

मग दोघं रविवारी रविवारी हिंडले. कुणी हसून हो म्हणालं, कुणी चिडलं, कुणाला सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं. एक बाई तर शहर सोडून परत परभणीला गेली होती, तिचा पत्ता लागला नाही आणि तिची फाइल बंदच राहिली. जिनं परवानगी दिली तिच्या घरी बसून सुखदा आईला ऐकायची. आई कुठं भाजीचा भाव विचारायची, कुठं बाळाला खेळवायची. प्रत्येक घरातून निघताना तिला वाटायचं की अजून थोडं असायला हवं होतं.

सुभद्राबाईंकडे ते दोघं सगळ्यात शेवटी गेले. चिखलीत वर्कशॉपच्या मागं त्यांची खोली होती, भिंतीपलीकडं ग्राइंडरचा आवाज चालू होता. पद्माताईंच्या फाइलींत सुभद्राबाईंची फाइल सर्वांत मोठी होती. सुखदानं ती राखून ठेवली होती म्हटलं तरी चालेल.

केयूरनं काय घडलं ते सांगितलं. सुभद्राबाईंचा चेहरा कठोर झाला.

"नको," त्या म्हणाल्या. "मी ताईंना सांगितलं ते ताईंना. नवऱ्याचं, सासरचं, सगळं सांगितलंय मी त्यात. तुम्ही ते आणि कुठं कुठं घातलंत. माझ्यासमोर पुसून टाका."

"लेखातून काढतो," केयूर म्हणाला. "माझ्याकडचे कागद..."

"आवाज पण पुसा."

सुखदानं मोबाइल काढला. ती फाइल समोर होती. आईचा तेवढा सगळा वेळ त्यात होता, तिनं न ऐकलेला. एकदा विनंती करावी, फक्त आईचे प्रश्न ऐकू द्या म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं. सुभद्राबाई तिच्या हातांकडे बघत होत्या. सुखदानं फाइल पुसली आणि पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला.

केयूर उठून बाहेर गेला. सुखदाही उठायला लागली, तेव्हा सुभद्राबाईंनी विचारलं, "त्यात ताई पण बोलल्या होत्या ना?"

"हो."

"मग त्यांचं पण गेलं."

"गेलं," सुखदा म्हणाली. तिला डोळे पुसायचे नव्हते, म्हणून ती तशीच खाली बघत राहिली.

सुभद्राबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. "बस जरा," त्या म्हणाल्या. "माझं मी नाही सांगायची परत. पण ताई काय काय बोलल्या ते सांगते. आल्या ना त्या, तर पहिल्यांदा म्हणाल्या, बाई, मला फार भूक लागलीय, भाकरी आहे का? मला इतकं हसू आलं. कॉलेजातली बाई, आणि दारात उभी राहून भाकरी मागते!"

"मग?" सुखदानं विचारलं.

"मग काय, तवा ठेवला. त्या तिथं बसल्या, तू बसलीस ना, तिथंच."

आणि त्या सांगत राहिल्या. काही आठवत होतं, काही पुढंमागं होत होतं, एकदा तर त्यांनी स्वतःच म्हटलं की हे ताई म्हणाल्या की दुसरं कुणी, नक्की सांगता येत नाही. सुखदानं काहीच टिपून घेतलं नाही.

लेख पुढच्या अंकात आला. त्यात सुभद्राबाईंचा शब्दही नव्हता. पण त्या रविवारी सुखदा सुभद्राबाईंकडून घरी आली होती तेव्हा सदाशिवराव दारातच उभे होते, आणि भाकरीची गोष्ट त्यांनी तिला दोनदा सांगायला लावली.